रुमाल सोडण्याआधी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी फोन करून मला विषय दिला होता, 'माहिती तंत्रज्ञान आणि उद्याचं जग'. मी म्हटलं, उद्याच्या जगाबद्दल माझ्या मुलीला बोलवा, तिला जास्त कळतं. मला कालच्या जगाबद्दल बोलू द्या. ते म्हणाले, "चालेल, पण वीस मिनिटांत आवर." तर प्रयत्न करते.

मी १९९५ च्या दहावीच्या तुकडीची. पुढे इंजिनिअर झाले आणि गेली बावीस-तेवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. सहा वर्षांपासून शनिवार-रविवारी जुन्या कागदांचं काम करते. त्या कामात माझ्या हातून एक चूक झाली. ती आज सांगणार आहे, कारण तशीच चूक तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरी येत्या दिवाळीच्या साफसफाईत होण्याची शक्यता आहे.

पटवर्धन हे नाव आपल्या भागात कुणाला सांगायला नको. ऋषिपंचमीला तासगावच्या गणपतीचा रथ ओढायला आपल्यातले निम्मे तरी गेले असतील. ते गोपुराचं देऊळ बांधणारे परशुरामभाऊ पटवर्धन. यांचे आजोबा हरभट रत्नागिरीकडच्या कोतवड्याचे, इचलकरंजीकर घोरपड्यांचे उपाध्याय. हरभटांची मुलं पेशव्यांच्या चाकरीत शिरली आणि दोन पिढ्यांत भिक्षुकाचं घर सरदाराचं झालं. परशुरामभाऊंनी टिपूवरच्या मोहिमेत धारवाडला वेढा घातला. तो १७९० चा पावसाळा संपता संपता सुरू झाला आणि १७९१ च्या एप्रिलमध्ये किल्ला हाती आला. १७९५ मध्ये खर्ड्याला निजामाविरुद्ध मराठ्यांच्या सगळ्या फौजेचे सेनापती तेच होते. १७९९ च्या सप्टेंबरात पट्टणकुडीला करवीरकरांशी लढताना ते पडले.

हे आपल्याला माहीत आहे, ते कशावरून? धारवाडच्या वेढ्यात मराठ्यांबरोबर मुंबईहून आलेली कॅप्टन लिटल याची इंग्रज तुकडी होती. तिच्यातल्या एडवर्ड मूर नावाच्या तरुण अधिकाऱ्याने त्या मोहिमेवर जाडजूड पुस्तक लिहिलं आणि ते १७९४ मध्ये लंडनला छापूनही आलं. आपल्या बाजूने कुणी पुस्तक लिहिलं नाही. आपल्या बाजूने पत्रं लिहिली गेली. घरातला एकजण मोहिमेवर, एक पुण्याच्या दरबारात, एक मिरजेला, एक तासगावला. सगळे एकमेकांना लिहीत. काय घडलं, कोण काय म्हणालं, दाणा-वैरणीचा भाव काय, शिलेदारांचा पगार किती तुंबला, सावकार कसा तगादा लावतोय. लढवय्याच्या घराण्याचे कागद म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तलवारी येतात. प्रत्यक्षात त्यात तलवारीपेक्षा पोटाची गोष्ट जास्त असते.

ही पत्रं टिकली याची काही कारणं आहेत. पेशवाई बुडाली तरी पटवर्धनांची सांगली, मिरज, जमखंडी, कुरुंदवाड ही संस्थानं राहिली, ती थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत. वाडे राहिले म्हणून दफ्तरखाने राहिले. पण नुसतं टिकणं वेगळं आणि वाचलं जाणं वेगळं. ते वाचले एका शाळामास्तरांनी.

वासुदेवशास्त्री खरे मूळचे गुहागरचे, जन्म १८५८ चा. मिरजेच्या हायस्कुलात ते संस्कृत शिकवत. शाळेची नोकरी सांभाळून त्यांनी पटवर्धनांच्या दफ्तरातले मोडी कागद वाचले, निवडले, स्वतःच्या हाताने बाळबोधीत उतरवले आणि १८९७ पासून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावाने छापायला घेतले. १९२४ मध्ये वारले, तोपर्यंत हे काम चालू होतं. त्यांच्याजवळ झेरॉक्स नव्हतं, कॅमेरा नव्हता, अनुदान मागायला खातं नव्हतं. आज मराठेशाहीच्या उत्तरार्धावर लिहिणारा कुणीही त्या खंडांवाचून पुढे जाऊ शकत नाही. आपल्यासमोर आज इतके शिक्षक बसलेत म्हणून मुद्दाम सांगितलं.

आता माझी गोष्ट. आपले इतिहासाचे सर समोर बसले आहेत. त्यांनी अट घातली आहे की नाव घ्यायचं नाही, म्हणून नुसतं सर म्हणते. सरांचे पूर्वज पटवर्धनांच्या पदरी कारकून होते. त्यामुळे सरांच्या घरी माळ्यावर एका ट्रंकेत एक रुमाल होता. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. दफ्तराचे कागद ज्या चौकोनी कापडात बांधून ठेवत त्याला रुमाल म्हणतात. त्यात लहान लहान पुडकी, प्रत्येक पुडक्याला दोरा. सगळे मिळून ४२८ कागद. काही मालकांकडून आलेली पत्रं, काही हिशेब, काही लष्करातून घरी लिहिलेली. निवृत्तीनंतर सर रोज दुपारी दोन तास ते वाचत बसत.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर आला. सरांच्या गल्लीत पाणी शिरलं, पण ट्रंक माळ्यावर असल्यामुळे वाचली. त्या काळची शाई काजळ आणि गोंद यांची असते. उन्हात ती शंभर वर्षांत फिकी पडत नाही, पण पाणी लागलं की एका रात्रीत पसरते. पूर ओसरल्यावर मी सरांना भेटायला गेले तेव्हा ते म्हणाले, "या वेळी वाचले. पुढच्या वेळचं काय सांगावं? तू ते कॉम्प्युटरवर घालशील का?"

मी लगेच हो म्हटलं. माझं कामच ते. सरांच्या परवानगीने रुमाल माझ्या घरी आणला. दिवाणखान्यातलं मोठं टेबल रिकामं केलं, पांढरी चादर अंथरली, हात स्वच्छ धुतले आणि एका शनिवारी सकाळी सगळे दोरे सोडले.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक खोड असते. पसारा दिसला की वर्गवारी करायची. मी केली. हिशेब एकीकडे, खाजगी पत्रं एकीकडे, याद्या एकीकडे, नुसत्या चिठोऱ्या एकीकडे. आकाराप्रमाणे नवीन लिफाफे आणले होते, त्यांत घातले. दोन दिवसांत टेबल असं सुरेख दिसू लागलं की मी त्याचा फोटो काढून आपल्या वर्गाच्या ग्रुपवर टाकला होता. अंगठे आणि टाळ्या मिळाल्या. मग कॅमेरा स्टँडवर लावून एकेका कागदाचे फोटो घेतले आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. माझ्या नवीन क्रमाने.

तीन आठवड्यांनी लॅपटॉप घेऊन सरांकडे गेले. सरांना एक पत्र मोठं करून दाखवलं. लष्करातून लिहिलेलं, वैरण मिळत नाही, बैल मेले, घरून काही रक्कम पाठवावी, असं. सरांनी विचारलं, "हे कुठल्या सालचं?" मी म्हटलं, पत्रावर साल नाही. नुसतं 'छ १२ रजब' आहे.

इथे थोडं थांबून समजावते. 'छ' म्हणजे चंद्र, चांद्रमासाची तारीख. जुन्या मराठी पत्रांत मुसलमानी महिन्यांच्या तारखा सर्रास असतात. साल घालायचं तर अरबी शब्दांत घालत. 'इहिदे तिसैन मया व अलफ' म्हणजे एक, नव्वद, शंभर आणि हजार, अर्थात ११९१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे की इसवी सन येतो, १७९०-९१. पण घरच्या पत्रात साल कोण घालतो? आपणही आईला पत्र लिहिताना 'रविवार रात्र' एवढंच लिहायचो. वाचणाऱ्याला वर्ष माहीतच असतं. रजब महिना मात्र दर वर्षी येतो. १७९१ चा रजब धारवाडच्या वेढ्यात येतो. १७९२ चा रजब श्रीरंगपट्टणच्या तहाच्या सुमाराला येतो. वेढ्यात अडकलेल्या फौजेला वैरण मिळत नसेल तर त्याचा अर्थ एक, आणि लढाई संपल्यावर परतायच्या बेतात असलेल्या फौजेला मिळत नसेल तर दुसरा.

सर म्हणाले, "मग त्याच्या वरचं आणि खालचं पत्र बघ. त्या कारकुनाने ज्या क्रमाने पत्रं आली त्या क्रमाने पुडकं बांधलंय. शेजारच्यावर साल असलं तर याचंही कळेल."

मी गप्प. वरचं-खालचं आता काही राहिलंच नव्हतं. मी सांगितलं, काय केलंय ते. सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "कागद सगळे आहेत गं. पण कोणाशेजारी कोण होता, ते आता कसं कळायचं?"

मी घरी येऊन बराच वेळ त्या टेबलासमोर बसले. दोनशे तीस वर्षांत त्या रुमालाला कसर लागली होती, ओल लागली होती, उंदरांनी एक कोपरा खाल्ला होता. तरी क्रम शाबूत होता. तो मोडायला मला, एका शिकलेल्या बाईला, दोन दिवस पुरले. निदान आधी फोटो काढले असते तर कॅमेऱ्यातल्या वेळेवरून क्रम परत लावता आला असता. मी आधी वर्गवारी केली आणि मग फोटो काढले. ऑफिसात नवीन मुलांना मी रोज सांगते, मूळ डेटाला हात लावायच्या आधी त्याची प्रत काढा. घरी तेच विसरले, कारण मला तो डेटा वाटलाच नाही. मला वाटलं, जुने कागद आहेत, मी त्यांना नीट लावतेय.

मग दुरुस्तीला लागले. दुरुस्तीचे दोन आधार सापडले.

पहिला आधार सरांची वही. शंभर पानी, शाळेत मिळायची तसली. सर दुपारी वाचायला बसत तेव्हा पुडक्याचा क्रमांक घालून त्यातली पत्रं एकाखाली एक टिपून ठेवत. पेन्सिलीने, एकेका ओळीत. अकरा पुडकी त्यांनी पुरी केली होती. पुढे डोळ्यांचं दुखणं आलं आणि वही थांबली.

दुसरा आधार किड्यांचा. हसू नका. कीड गठ्ठ्यात शिरली की कागद ओळखून थांबत नाही, आरपार जाते. त्यामुळे लागोपाठच्या कागदांवर भोकं एकाच जागी आणि जवळजवळ एकाच आकाराची असतात. ओलीच्या डागांचंही तसंच. वरच्या कागदावरचा डाग खालच्यावर थोडा लहान होऊन उतरतो. माझ्याकडे सगळ्या कागदांचे दोन्ही बाजूंचे फोटो होते. मी एक छोटा प्रोग्राम लिहिला, भोकांच्या जागा आणि डागांच्या कडा जुळवून बघणारा. तो सुचवायचा, मी घड्यांच्या खुणा बघून खात्री करायची आणि मग सर मजकुरावरून होय-नाही म्हणायचे. मी मोठ्याने वाचायची, कारण तोवर मी मोडी शिकले होते. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नसतं, आधी पानभर आडव्या रेघा ओढून मग त्यांना अक्षरं लटकवतात. पहिले सहा महिने मला नुसत्या रेघाच दिसत होत्या.

या सगळ्याला दीड वर्ष लागलं. ४२८ पैकी ३९७ कागद त्यांच्या जागी परत गेले. ३१ गेले नाहीत. ते रजबचं पत्र त्या ३१ मध्ये आहे. त्याच्यावर ना भोक, ना डाग. इतकं चांगलं राहिलं की त्याला शेजारच राहिला नाही.

मागल्या वर्षी सरांनी आणि त्यांच्या भावंडांनी तो रुमाल एका पुराभिलेखागाराला दिला. हा निर्णय सोपा नव्हता. घरातली वस्तू बाहेर जाते आणि पुढच्या पिढीला वाटतं की आपल्याला विचारलं नाही. म्हणून सर्वांच्या सह्या घेतल्या, काय दिलं त्याची यादी जोडली, कोणत्या अटींवर दिलं ते लिहून घेतलं आणि सगळ्या फोटोंची एकेक प्रत प्रत्येक घरी ठेवली. तिथे कागद आडवे, कोरड्या जागी, वाळवीपासून लांब राहतील आणि मुख्य म्हणजे कुणी अभ्यासक आला तर त्याला मिळतील. सूची मी केली. त्या पत्रापुढे लिहिलंय: वर्ष अनिश्चित, १७९१ किंवा १७९२, पुडक्यातील मूळ स्थान सूचीकाराच्या चुकीमुळे नष्ट. तिथले अधिकारी म्हणाले, "मॅडम, एवढं लिहायची गरज नाही." मी म्हटलं, गरज आहे. पन्नास वर्षांनी कुणी तरी ते पत्र उघडेल आणि लिफाफ्यातला क्रम खरा मानून त्यावर निष्कर्ष बांधेल. त्याला कळायला हवं की हा क्रम कारकुनाचा नव्हे, माझा आहे.

मला हमखास एक प्रश्न विचारतात. आता एआय आलंय, मोडी ते आपोआप वाचेल, मग कशाला एवढी उठाठेव? थोडंफार वाचेलही. पण त्यासाठी आधी माणसांनी वाचून दिलेली हजारो पानं लागतात, म्हणजे खरेशास्त्र्यांसारखे बसणारे लोक लागतातच. आणि कागदावर जे लिहिलेलंच नाही, म्हणजे तो कुठे, कशाशेजारी, कुणाच्या घरात होता, ते कुठलंही यंत्र वाचून दाखवणार नाही.

दुसरा प्रश्न, स्कॅन झालं म्हणजे झालं ना? नाही. माझ्या इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पाच फ्लॉप्यांवर आहे. पंचवीस वर्षांपूर्वीचा. मी स्वतः सॉफ्टवेअरमध्ये असून तो आज उघडू शकत नाही. त्या कारकुनाचा हिशेब मात्र उघडला की वाचता येतो. संगणकावरची प्रत जपायला लागते, मूल जपावं तशी. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. दर काही वर्षांनी त्या नव्या साधनावर हलवायच्या आणि एखादी फाइल बिघडली नाही ना, ते पडताळून बघायचं.

आता तुमच्यासाठी चार गोष्टी. घरी जुना गठ्ठा सापडला तर दोरा सोडण्याआधी त्याचा चारही बाजूंनी फोटो काढा. मग एकेक कागद उचलाल तसा, त्याच क्रमाने, पुढून आणि मागून फोटो घ्या. मागून विसरू नका, कारण पत्र कधी पोचलं ती पैवस्तीची तारीख अनेकदा तिथेच असते. क्रमांक घालायचाच तर मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, तिचा गोंद काही वर्षांत कागदच खातो. आणि काय आहे हे कळत नाही म्हणून रद्दीत घालू नका. कळणाऱ्याला दाखवा. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे, पुणे आणि कोल्हापूरला सरकारी पुराभिलेखागारं आहेत.

आणि कुणाला वाटेल की आमच्या घरात कुठले सरदार, कुठले कारकून? तर शेवटची गोष्ट आपल्याच शाळेची. मुख्याध्यापिका बाईंनी मला कार्यालयातलं कपाट उघडून दिलं. १९६० पासूनचे वर्गांचे फोटो एका पेटीत आहेत. जवळजवळ कशाच्याच मागे नावं नाहीत. १९७१ च्या फोटोत मागच्या रांगेत एक मुलगा डोळे मिटून उभा आहे. तो कोण, हे सांगू शकणारी माणसं आज या मांडवात आहेत. पुढच्या मेळाव्याला ती सगळी असतीलच असं नाही.

ती पेटी चहाच्या टेबलाशेजारी ठेवली आहे. फोटो ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने राहू द्या, त्यांचे फोटो मी कालच काढून ठेवलेत. प्रत्येकाबरोबर एक कोरा कागद आहे आणि पेन्सिली टोक करून ठेवल्यात. ओळखाल त्यांची नावं रांगेप्रमाणे, डावीकडून लिहा. खात्री नसेल तिथे प्रश्नचिन्ह घाला, अंदाज ठोकू नका. आणि खाली तुमचं नाव लिहा, म्हणजे कुणी सांगितलं तेही कळेल.

सर, सुरुवात तुमच्यापासून करू. नावं तुम्ही सांगा, लिहायला मी बसते.